मीटरवरचा शेवटचा आकडा

भास्कर नानांनी अख्ख्या नोकरीत एकच आकडा खोटा सांगितला. तो त्यांनी आपल्या बायकोला सांगितला, आणि 'हो, खरं आहे' म्हणायला शेजारी मी बसले होते. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आजही नीट वाटत नाही. दात काढून आल्यावर हिरडीला बोट लावावं, बोटाला कळावं आणि हिरडीला कळू नये, तसं काहीतरी आहे. म्हणून म्हटलं लिहून बघावं.

त्यांची बायको म्हणजे अक्का. एकुलता एक मुलगा योगेश नरडाण्याजवळ हायवेवर अपघातात गेला आणि त्या दिवसापासून अक्कांचं जेवण सुटलं. उपास-बिपास नव्हे. ताट समोर यायचं, त्या भाकरीकडे बघायच्या आणि ताट सरकवून द्यायच्या. त्या सकाळी दळण घेऊन योगेशला गिरणीवर त्यांनीच पाठवलं होतं. महिनाभर नुसत्या चहावर होत्या, आणि डॉक्टर म्हणाला होता की असंच चाललं तर बाई हातची जाईल. गोष्ट एवढीच आहे. पण नाना कोण होते हे सांगितल्याशिवाय त्या खोट्याचं वजन कळायचं नाही. तेव्हा आधी नाना.

मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. कृषी सहायक म्हणून यावल तालुक्यात लागले तेव्हा परीक्षेपुरती शेती यायची, शेतात उतरल्यावर बांध कुठला आणि पायवाट कुठली यात गोंधळ व्हायचा. नाना आमचे पर्यवेक्षक. मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्यापासून चार-पाच किलोमीटर. अक्का आणि योगेश तिथे घरी, योगेश तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला. नाना यावलला खोली घेऊन एकटे राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. किडकिडीत माणूस, कडक उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची गुंडी लावलेली. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचे, मन भरून आलं किंवा डोकं फिरलं की अहिराणीवर यायचे. खांद्याला पिशवी. पिशवीत दोरी, चार खुंट्या, हातोडी आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद. कागदावर नुसते आकडे, ओळीच्या ओळी, कशाचा कशाला संबंध नाही.

तो कागद म्हणजे रँडम आकड्यांचा तक्ता. आमच्याकडे पीक कापणी प्रयोग असतो. मंडळ म्हणजे आसपासच्या गावांचा गट; त्यातल्या गावांमधून काही शेतं नशिबाने निवडायची. निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तितकी पावलं आत जायचं आणि जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकायची. तिथून दोरीने चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं. अशा सगळ्या शेतांची सरासरी निघते आणि तिच्यावर ठरतं की अख्ख्या मंडळाला पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही. सरासरी खाली आली तरच मिळते. म्हणजे खुंटी एका माणसाच्या शेतात आणि जीव टांगणीला सगळ्या गावांचा.

पावलं मोजताना नानांना मध्ये कोणी बोललेलं चालायचं नाही. शेतात उतरायच्या आधी ते फोन काढून माझ्या हातात द्यायचे. वाजला तर वाजू द्या, म्हणायचे, मोजून झाल्यावर बघू. त्यामुळे नाना हवे असले की लोक मलाच फोन करायचे. अक्कासुद्धा. 'बेटा, तुना नाना कोठे शे?' अशी सुरुवात व्हायची आणि मग मी जेवले का, भुसावळच्या गाडीला गर्दी असते का, सासू कशी आहे, असं सगळं व्हायचं. भेट होण्याआधीच माझी अक्कांशी ओळख होती.

रँडम म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात समजलं असं वाटलं होतं. एका शेतात मी म्हटलं, नाना, कुठेही ठोका ना, कुठेही म्हणजे रँडमच की. ते थांबले. म्हणाले, बरं, तुम्ही ठोका कुठेही. मी खुंटी घेऊन आत गेले. काटेरी झुडूप टाळलं, चिखल टाळला, मधोमध जरा बरी जागा दिसली तिथे ठोकली. नाना म्हणाले, ही तुमच्या चपलेने निवडलेली जागा आहे.

"कसंही म्हणजे रँडम नव्हे, मॅडम. कसंही केलं की मन मधे येतं. मनाला बांधावर बसवायचं आणि मग आत जायचं. मन लबाड शे, आकडा लबाड नही."

हे वाक्य मी पुढे शेकड्याने ऐकलं. त्यांना तेवढंच येतं की काय असं वाटावं इतक्यांदा.

ही खोड शेतापुरती असती तर निभावलं असतं. पण नाना बाहेरही तसेच. यावलच्या स्टँडसमोर चहाच्या तीन टपऱ्या. एकीचा चहा फक्कड, एकीचा बरा, आणि तिसरीचा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. नाना एसटीच्या तिकिटावरचा शेवटचा आकडा बघायचे आणि त्यावरून टपरी ठरवायचे. तिसरी आली की तो काढा आम्हाला मुकाट्याने प्यावा लागायचा. एकदा मी वैतागून विचारलं, की नाना, चांगला कुठे मिळतो हे माहीत असून ही शिक्षा कशाला? ते म्हणाले, चांगल्याकडेच रोज गेलो तर हा सुधारला की नाही हे मला कसं कळणार? मी म्हटलं, नाना, तो सुधारायचा नाही. ते म्हणाले, ते प्यायल्यावर कळतं. आणि कप रिकामा केला.

बियाण्याची पाकिटं आली की सगळीकडे भांडणं. सरपंचाची माणसं आधी, मग उरलेले. नानांच्या गावांत नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात पडायच्या आणि गावात नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेला हात घालायला लावायचे. तिला अजून कोणाशी वैर नाही, म्हणायचे. ज्याला मिळालं नाही तो चडफडायचा, पण कोणावर चडफडावं हे त्याला कळायचं नाही. दोन दिवसांत निवळायचं. मला ते बघून वाटायचं की यालाच डोकं म्हणतात.

शेतात मात्र ते इतकं सोपं नसायचं. सातपुड्याच्या बाजूच्या एका गावात रामदास आबा म्हणून केळीवाले शेतकरी होते. केळी त्यांची नावाजलेली, पण निवड झाली त्यांच्या ज्वारीच्या तुकड्याची. आता झालं असं, की पीक स्पर्धा असते तेव्हाही आम्हीच जातो. तीच दोरी, त्याच खुंट्या, तोच काटा. आबांनी समजूत करून घेतली की ही स्पर्धाच आहे. आम्ही पोचलो तर आबा धुवट टोपी घालून उभे, बांधावर चटई, पातेल्यात शिरा, आणि शेतातल्या सगळ्यात भरदार जागेभोवती झेंडूच्या माळा. पाहुणेही बोलावलेले. नानांनी मला फोन दिला, पावलं मोजली, तक्ता बघितला आणि चालत चालत निंबाच्या झाडाखाली जाऊन थांबले. सावलीतली ज्वारी, गुडघ्याएवढी, कणसं म्हणजे नावालाच.

आबांचा चेहरा बघवेना. त्यांनी नानांचा हात धरला. फक्त दहा पावलं इकडे या म्हणाले, फक्त दहा, पाहुण्यांसमोर माझं नाक कापू नका. नाना म्हणाले, आबा, तुमचं पीक मोजायला मी आलोच नाही, मंडळाचं मोजायला आलोय. आणि खुंटी ठोकली. पसाभर दाणे निघाले. मग नाना चटईवर बसले आणि दोनदा मागून शिरा खाल्ला. शिरा उत्तम झालाय, आबा, असंही म्हणाले. आबा वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. खरं तर त्या पसाभर दाण्यांनी मंडळाची सरासरी खाली आली होती आणि ते सगळ्यांच्या फायद्याचं होतं, पण अब्रू गेली ती आबांची एकट्याची.

याच्या उलटही झालं. दुसऱ्या एका मंडळात पाऊस दडी मारून बसला होता, उडीद करपलेला, लोकांचा डोळा भरपाईवर. खुंटी पडली नेमकी पाझराशेजारी, जिथे तेवढाच एक हिरवा पट्टा होता. माणसं जमली. कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारा नुसता म्हणाला, नाना, दहा पावलं सरका, कोणाला कळणार आहे? सगळ्यांनाच दहा पावलं हवी असतात, हे मला तेव्हा कळलं. नाना सरकले नाहीत. परत आलो तर मोटारसायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडलेली. पाच किलोमीटर गाडी ढकलत आलो. वाटेत मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का? त्यांनी गाडी ढकलतच हँडलवरचा हात बदलला. मग म्हणाले, वाटतं. पण आज वाईट वाटून दहा पावलं सरकलो, तर उद्या कोणाचा शिरा खाऊन दहा पावलं सरकेन. त्या मंडळाला त्या वर्षी काही मिळालं नाही. नाना त्या गावात पुढेही जात राहिले, लोक पाणी विचारायचे नाहीत, तरी जात राहिले.

माझंही एक सांगते. लपवून काय करायचं? माझी मुलगी तापाने फणफणली होती आणि तीन शेतं बाकी होती. मी घरी बसून तिन्हींचे फॉर्म भरले. पावलं, खुंटीचे आकडे, वजन, सगळं डोक्यातून. फोटो जुन्यातले जोडले. चांगले वेगवेगळे आकडे टाकले, कोणाला शंका नको म्हणून. नानांनी फॉर्म चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मुलीचा ताप उतरला का ते विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, तुमच्या आकड्यांत एकही जुळं नाही. तेहतीस नाही, सत्याहत्तर नाही, एकच आकडा दोनदा नाही. एकही खुंटी बांधाजवळ नाही, झाडाखाली नाही. खरं नशीब इतकं नीटनेटकं नसतं, मॅडम, माणूस खोटं बोलतो तेव्हाच ते इतकं नीटनेटकं होतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी वर कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गाडी घेऊन हजर झाले आणि तिन्ही शेतं आम्ही परत केली. एका शेतात दोन्ही आकडे अकरा-अकरा आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मॅडमची मी बेटा झाले.

आता तो शुक्रवार.

शुक्रवारी योगेशला सुट्टी असायची. शनिवारी नाना गावी येणार म्हणून अक्कांना कळण्याची भाकरी करायची होती. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. नाना त्याच्या भाकरीवर जीव टाकायचे. गावातली गिरणी बंद पडलेली, म्हणून अक्कांनी योगेशला दळण घेऊन नरडाण्याला पाठवलं. हायवेला एका ट्रकचं टायर फुटलं. योगेशच्या पुढे एक मोटारसायकल होती, ती सुटली. मागे रिक्षा होती, तीही सुटली. मधला गेला.

आम्ही त्या वेळी यावलजवळ हरभऱ्याच्या शेतात होतो. नाना लांबी मोजत होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा फोन वाजला, माझ्या हातात. नाव त्यांच्या चुलत भावाचं. मी हात वर केला. त्यांनी मान हलवली आणि चालत राहिले. सदुसष्ट पावलांवर थांबले, वहीत सदुसष्ट लिहिलं, मग फोन घेतला. ऐकलं. 'बरं' म्हणाले. परत एकदा 'बरं' म्हणाले. फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, योगेश गेला, तू एवढा प्लॉट पुरा कर. पिशवी माझ्या खांद्याला लावली आणि बांधावरून रस्त्याकडे गेले. मी प्लॉट पुरा केला. रुंदी मोजली, खुंट्या ठोकल्या, हरभरा कापला, वजन केलं, फोटो काढले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. वजन किती भरलं ते आजही पाठ आहे.

आमच्याकडे कोणी गेलं की दारावर बसायला जातात. रोज माणसं येतात, बसतात, चार शब्द बोलतात, उठतात. मी तीन-चारदा गेले. येणारा प्रत्येक जण काहीतरी कारण घेऊन यायचा. कोणी म्हणे ग्रह फिरले होते, कोणी म्हणे ते वळणच खराब, कोणी गाडीच्या नंबरची बेरीज करून दाखवली आणि ती आठ, म्हणजे शनीचा आकडा, कशी येते ते सांगितलं. नाना भिंतीला टेकून ऐकायचे, कोणाला खोडायचे नाहीत. अक्का मात्र प्रत्येकाला एकच विचारायच्या. 'मी दयन धाडं नसतं तर?' दळण पाठवलं नसतं तर. माणसं खाली बघायची. काही बायका म्हणायच्या, असं बोलू नका, अक्का. पण नाही असं छातीठोकपणे कोण म्हणणार?

एका दुपारी माणसं पांगल्यावर नानांनी त्यांना समजावलं. मी तिथे होते. आपल्या जन्माची शिकवण त्यांनी तिथे मांडली. टायर फुटायचं तेव्हा फुटतं. पुढचाही त्याच वेळी चालला होता, मागचाही. योगेश रोज दोनदा त्या रस्त्याने जात होता, तू पाठवलं म्हणून फक्त एकदा. कोणी त्याला निवडलं नाही. तू नाही, देवाने नाही, ट्रकवाल्याने नाही. 'तुनं काही चुकनं नही,' असं त्यांनी दोनदा म्हटलं. इतकं खरं आणि इतकं सरळ मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पण दळण मीच पाठवलं. शेजारणीने आणलेलं ताट होतं, ते सरकवलं.

मला तेव्हा नानांचा राग आला, तो सांगते. आयुष्यभर हा माणूस सांगत आला की यात कोणाचा हात नसतो. बियाण्याच्या पाकिटाला ते पुरतं, ज्वारीला पुरतं. आईला 'कोणीच नाही' हे उत्तर पुरत नाही. तिला कोणीतरी लागतं, आणि दुसरं कोणी सापडलं नाही की ती स्वतःला धरते. हे एवढ्या हुशार माणसाला कसं कळत नाही, असं मनात आलं.

त्यांना कळलं होतं. महिना होऊन गेल्यावर, डॉक्टरने बाई हातची जाईल असं सांगितल्यानंतर, मी परत गेले तेव्हा नाना मला घ्यायला नरडाण्याच्या स्टँडवर आले होते. गावाकडे चालता चालता त्यांनी अक्कांना काय सांगायचं ठरवलंय ते मला सांगितलं. जसं शेताचं माप सांगावं तसं, शांतपणे. म्हणाले, त्या सकाळी योगेशचा मला फोन आला होता. आई दळण घेऊन जा म्हणतेय, आज जाऊ की उद्या सकाळी कामावर जाताना नेऊ, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, गाडीच्या मीटरवरचा शेवटचा आकडा बघ. सम आला तर आज, विषम आला तर उद्या. त्याने बघितला. सहा आला.

मी रस्त्यातच उभी राहिले. म्हटलं, नाना, फोन माझ्याकडे होता. असा काही फोन आला नाही. ते म्हणाले, म्हणूनच तुला सांगतोय, ती तुलाच विचारेल. मी म्हटलं, आणि मग ती तुम्हाला काय म्हणेल, तुमच्याशी कशी वागेल, विचार केलाय का? त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तिले कोणीतरी लागस, बेटा. मी शे ना."

मी परत चालू लागले.

अक्का आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की मी आधी त्यांच्या सावलीकडेच बघितलं. नानांनी समोर बसून सगळं सांगितलं. सहा म्हणताना आवाज जरासुद्धा हलला नाही. अक्कांनी विश्वास न ठेवायला जागाच नव्हती. चहाची टपरीसुद्धा आकड्यावर ठरवणारा हा माणूस, हे गावाला माहीत, नात्यात माहीत, त्यांच्या लग्नाची तारीखसुद्धा त्याने तीन मुहूर्तांतून चिठ्ठी टाकून काढली होती. तरी त्या माझ्याकडे वळल्या.

"फोन तुनाजोडे व्हता ना, बेटा? योगेशना फोन उना व्हता?"

माझ्याकडे फोन होता ना, योगेशचा फोन आला होता का. त्यांच्या डोळ्यांत बघून मी हो म्हटलं. आला होता अक्का, मीच नानांना दिला. अगदी वेळही सांगितली, साडेनऊ. मला कोणी सांगायला सांगितली नव्हती. खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच काही कळलं नाही.

अक्कांनी भिंतीचा आधार घेऊन पाठ ताठ केली. मग नानांकडे बघून म्हणाल्या, "पोऱ्याना जीव आकडावर सोडी दिधा तुम्ही?"

नाना म्हणाले, हो.

शेजारणीचं ताट दारापाशी झाकून ठेवलेलं होतं. ते अक्कांनी हात लांब करून ओढलं, झाकण काढून बाजूला आपटलं आणि जेवायला लागल्या. भाकरी आणि वांग्याची भाजी. रागाने जेवत होत्या. घास मोडून, कोंबून, डोळे नानांवर रोखून. रडू नव्हतं. दीड भाकरी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायल्या. नाना समोरून हलले नाहीत, शेवटपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत होते. मला रडायला हवं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि चारची बस मिळेल का याचा विचार करत होते.

पुढे नाना निवृत्त झाले. निरोप समारंभाला नको म्हणाले, मग जबरदस्तीने झाला, नारळ घेतला, दोन वाक्यं बोलले. तक्ता मला दिला. यावलची खोली सोडून गावी गेले.

मागच्या वर्षी धुळ्याला प्रशिक्षणाला जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे उतरले. अक्का ओळखू येऊ नयेत इतक्या सुधारलेल्या. अंग भरलंय, आवाज चढलाय. दारात शेवग्याचं झाड लावलंय, बचत गटात जातात, पापडाचं काम घेतात. मला शेवभाजी आणि भाकरी पोटभर वाढली, स्वतःही माझ्याबरोबर जेवल्या, आणखी एक भाकरी घे म्हणून हात धरला. योगेशचं सहज बोलल्या, त्याला शेवभाजी तिखट लागायची म्हणून. सगळं बोलल्या. नानांशी मात्र नाही. ते ओट्यावर खाटेवर बसलेले. अक्कांनी चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, त्यास्ले दे. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून असेल असं मला क्षणभर वाटलं. पण शेजारीण हळूच म्हणाली, तेव्हापासून असंच आहे. एक शब्द नाही. ताट वाढतात, कपडे धुतात, दुखलंखुपलं तर औषध उशाशी ठेवतात, बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की दुसऱ्याला सांगतात. दुसरं कोणी घरात नसलं तर भिंतीला सांगतात.

मी ओट्यावर गेले, चहा दिला. नाना थकलेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट तसाच, आत हात मात्र बारीक झालाय. ऑफिसचं विचारलं, नवीन पर्यवेक्षक कसा आहे विचारलं, माझ्या मुलीचं विचारलं. मला गावाच्या फाट्यापर्यंत सोडायला निघाले. वाटेत मला राहवेना. मी म्हटलं, नाना, आता त्या सावरल्यात, आता पुरे झालं. मी सांगते अक्कांना खरं काय ते. माझ्यावर येऊ दे काय यायचं ते.

ते चालायचे थांबले नाहीत. लांबून बस येताना दिसत होती. त्यांनी मला विचारलं, आत जेवायला बसली होती ना तुझ्याबरोबर? मी हो म्हटलं. किती खाल्लं?

मी म्हटलं, दोन भाकरी.

"मंग राहू दे," नाना म्हणाले.

बस थांबली, मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. ते हात वगैरे हलवणाऱ्यांतले नव्हतेच. बस वळेपर्यंत रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते, घराकडे पाठ करून.